पोरानं धाडलेला कमोड

केवळाबाई आमच्या शेजारच्या. देवणीत त्यांचं घर आणि माझं घर लागून आहे. मधे कंबरेएवढी भिंत, तीही मीच बांधलेली. त्यांचे मालक हणमंतराव माझे सोबती होते, म्हणून मी त्यांना वैनी म्हणतो. हणमंतराव गेले. पोरगा बालाजी पुण्याकडं चाकणला कंपनीत लागला, लग्न झालं, तिकडंच चौथ्या मजल्यावर घर घेतलं. शेत बटईनं दिलं. घरात केवळाबाई एकट्या राहिल्या.

सकाळी अंगण झाडायचं. झाडून झालं की कोपरे परत झाडायचे. दुपारी भिंतीपाशी बसायचं. संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. कट्ट्यावर पूर्वी बायका बसायच्या. कुणी लेकाकडं गेली, कुणी वर गेली. केवळाबाई रिकाम्या कट्ट्यावर थोडं टेकून यायच्या.

मी जन्मभर गवंडीकाम केलं. पाठीनं साथ सोडली तेव्हा थापी ठेवली. आता घरीच असतो, म्हणून हे सगळं बघायला सापडलं.

केवळाबाईंचे गुडघे खुरपणीनं गेले. उकिडवं बसून बसून झिजले. मग संडासात बसणं जमेना. खिडकीच्या गजाला त्यांनी कासरा बांधला होता. तो धरून बसायचं, तोच धरून उठायचं. तेही जड जायला लागलं तेव्हा त्यांनी खाणंच कमी केलं. रात्रीची भाकरी बंद. पाणी घोटभर. हे मला माझ्या बायकोकडून, सगुणाकडून कळलं. बायामाणसाचं असलं दुखणं पुरुषाला कोण सांगतं?

एके दिवशी कासऱ्याची गाठ सुटली आणि त्या पडल्या. हात सुजला. बालाजीला कळलं. त्याचा फोन आला तो भिंतीच्या अलीकडं मलाही ऐकू आला, कारण केवळाबाई फोनवर बोलताना शेताच्या दुसऱ्या बांधावर माणूस उभा असल्यासारखं बोलतात.

"घर बंद कर अन् इकडं ये म्हणतोस? बंद करून काय करू तिथं?"

त्या एकदा जाऊन आल्या होत्या. सून वर्षाराणी नोकरीला, नातू शाळेत, दाराला दिवसभर आतून कडी. "लिफ्टमधी माणसं भेटत्यात," त्या सांगायच्या, "पर वर आकडे बघत ऱ्हात्यात. मी एकीला म्हणलं, बाई, जेवलाव का? ती घाबरूनच गेली." तिथला संडास मात्र चांगला होता, हे त्यांना कबूल होतं.

शेवटी बालाजी म्हणाला, तसला कमोड मी तिकडं धाडतो. तो बसवून घे. पण नाही बसला, तर मी गाडी घेऊन येईन आणि तुझं काही ऐकणार नाही.

म्हणजे कमोड बसला तर घर राहणार होतं. नाही तर कुलूप.

खोका आला. दोन माणसांनी उतरवून ओसरीवर ठेवला. बालाजीनं फोनवर बजावलं होतं, "तू फोडू नको. बसवणारा असंल त्यालाच फोडू दे. तुटका निघाला अन् तू फोडलेला असला, तर ते परत घेणार न्हाईत."

देवणीत नळाचं काम म्हटलं की गुरुपादप्पा. त्याचं बसस्टँडकडं छोटं दुकानही आहे, पाइप, नळ, संडासाची भांडी असला माल ठेवतो. हात स्वच्छ आहे. त्यानं बसवलेला नळ मी उखडताना कधी बघितला नाही. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. म्हाताऱ्या बायांना सगळ्यांना अव्वा म्हणतो.

तो आला. बाजारात बैल बघावा तसा खोक्याभोवती फिरला.

"अव्वा, कुठनं आणलाव हे?"

"पोरानं धाडलंय. पुण्याहून."

"पुण्याहून न्हाई, ऑनलाईन. त्यानं बी डोळ्यानं बघितला नसंल."

"बसवा की मग."

"इल्ला." त्यानं हात हलवला. "मालकानं आणलेल्या मालाला मी हात लावत न्हाई. माझ्या दुकानातला घ्या, उद्या बसवून देतो."

"माल कुणाचा बी असू दे. बसवायचं काम तुमचंच हाय की!"

"पोरगी तुम्ही पसंत करायची, अन् नांदली न्हाई तर शिव्या लग्न लावणाऱ्याला?"

मला राग आला. मी भिंतीवरून बोललो, "गुरुपादप्पा, सरळ सांग. माल तुझ्या दुकानातला नाही म्हणून पोट दुखायलंय."

"दुखायलंय की! न्हाई कशाला म्हणू?" तो माझ्याकडं वळला. "पर तेवढंच न्हाई, मिस्त्री. तुमचं काम येगळं. मालकानं कच्ची वीट आणली तर ती भिंतीत झाकून जाती. माझं पाणी झाकत न्हाई. नळ गळला तर माणूस कंपनीला फोन लावतो का? मलाच लावतो. निलंग्याला एकानं असंच बेसिन आणून दिलं. मी नट आवळला अन् ते चिरलं. केसाएवढी चीर आधीच हुती. त्यो म्हणला, तूच फोडलंस. सगळ्या गल्लीत सांगितलं. तवापासून मी खोका बी फोडत न्हाई. मालकानं फोडायचा, मालकानं बघायचं, मग बोलायचं."

मग त्यानं केवळाबाईंना सांगितलं, "फोडा अव्वा. मी उभा ऱ्हातो."

"पोरगा म्हणलाय, बसवणाऱ्यानं फोडायचा."

"मी न्हाई फोडणार."

"मग मी बी न्हाई."

तो गेला. उदगीरहून एकाला बोलावलं. त्यानंही खोका लांबूनच बघितला. म्हणाला, बसवीन, पण नंतर गळलं-बिळलं तर मी उदगीरहून परत येणार नाही. केवळाबाई म्हणाल्या, मग आत्ताच जावा.

खोका ओसरीवर तसाच राहिला. केवळाबाईंनी त्यावर वाकळ घातली आणि त्यावर बसायला लागल्या. उंची बरोबर होती. गुडघ्याला बरं पडायचं. तिथं बसून लसूण सोलायच्या, तांदूळ निवडायच्या.

बालाजीचा फोन त्या दिवसांत रोज संध्याकाळी यायचा. "बसला का?" तो विचारायचा. नाही म्हटलं की का नाही, कोण आलं, काय म्हणालं. केवळाबाई सगळं सांगायच्या. गुरुपादप्पाची नक्कल करायच्या. त्यातून गोष्ट पुढं सरकायची, पाऊस किती, सोयाबीन कसं, कुणाच्या घरी काय झालं. फोन ठेवल्यावर आमच्या भिंतीपाशी येऊन परत एकदा सगळं सांगायच्या. खात नव्हत्या, पण आवाज खणखणीत झाला होता.

असं करता करता माल परत धाडायची मुदत संपून गेली. बालाजी चिडला. म्हणाला, या आठवड्यात बसला नाही तर रविवारी गाडी घेऊन येतो, कपडे भरून ठेव.

दुसऱ्या दिवशी केवळाबाईंनी गुरुपादप्पाला बोलावलं, मला बोलावलं आणि विळी आणली.

"उभं ऱ्हावा दोघं बी. मीच फोडते."

चिकटपट्टी कापली. पुठ्ठा उघडला. आतून पांढरास्वच्छ कमोड निघाला. कुठं चीर नाही, टवका नाही. केवळाबाईंनी पदरानं त्यावरची थर्माकोलची भुकटी पुसली. एवढं हळू त्यांना काही पुसताना मी बघितलं नव्हतं.

गुरुपादप्पा खाली बसला. मागून बघितलं. टेप लावला. उठून संडासात गेला, तिथं टेप लावला. परत आला आणि टेप माझ्या हातात दिला.

मी मोजलं. माझा विश्वास नव्हता म्हणून परत मोजलं. तो खोटं बोलत नव्हता. खरं म्हणजे तो काही बोललाच नव्हता.

अडचण साधी होती. घरातल्या संडासाचा पाइप फरशीत खाली जातो. बालाजीनं धाडलेल्या कमोडचं पाणी बाहेर जायचं तोंड मागं भिंतीकडं होतं. भिंत फोडावी तर पलीकडं दुसऱ्याचं स्वयंपाकघर. पाइप वाकवून खाली घ्यावा तर कमोड वीतभर पुढं येतो, आणि खोली एवढी आखूड की बसणाऱ्याचे गुडघे दाराबाहेर. दार बाहेर उघडणारं केलं तरी गुडघे बाहेरच. खाली कट्टा बांधून कमोड उचलावा, तर केवळाबाईंचे पाय जमिनीला टेकणार नाहीत. पाय लोंबकळत ठेवून बसायचं, मग उडी मारून उतरायचं. ज्या गुडघ्यांसाठी हे सगळं चाललं होतं, त्यांनाच ते झेपणार नव्हतं.

गुरुपादप्पानं हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. वेळ घेऊन सांगितलं. आधीच का नाही बघितलं, असं मी त्याला विचारणार होतो. पण खोका बंद होता, आणि तो का बंद होता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"म्हंजी बसतच न्हाई?" केवळाबाई म्हणाल्या.

"न्हाई बसत, अव्वा."

"बालाजीला सांगू का मी?" मी विचारलं. "चुकून दुसरा आला म्हणून सांगतो."

"न्हाई!" त्या एकदम म्हणाल्या. "सांगायचं न्हाई. सांगितलं की गाडी घेऊन यील." मग हळू आवाजात, "अन् त्यानं सुट्टीच्या दिशी बसून बघून घेतलाय हो. चुकला म्हणून कसं सांगू?"

गुरुपादप्पा पुठ्ठा गोळा करायला लागला. त्याचं ते काम नव्हतं.

"तुमच्या दुकानात हाय का खालच्या तोंडाचा?" केवळाबाईंनी विचारलं.

"हाय एक. पर गुलाबी हाय."

"गुलाबी?"

"एका लॉजवाल्यानं मागवून घेतला, नेला न्हाई. पडून हाय. पांढरा मागवायचा तर पंधरवडा लागंल."

"रविवारच्या आत बसला पायजे. आणा गुलाबी."

काम दोन दिवस चाललं. जुनं भांडं काढताना घाई केली तर खालचा पाइप फुटतो, मग सगळी फरशी उखडावी लागते. गुरुपादप्पानं कडेकडेनं छिन्नी चालवली, एक टवका, मग झाडून बघायचं, मग दुसरा. जिथं हातोडा उचलायचा तिथं तो मनगटानं टिचक्या मारत होता. मला वाकता येत नव्हतं. मी स्टुलावर बसून कुठं पोकळ वाजतंय ते सांगत होतो. कडेचं पांढरं सिमेंट मात्र मी स्वतः भरलं, पालथं पडून. नंतर तीन दिवस पाठ धरली. कमोड पाणसळीत बसला, कुठं कलला नाही. सिमेंट वाळेपर्यंत गुरुपादप्पानं दाराला दोरी बांधून ठेवली, "अव्वा, सोडलाव तर मी परत येणार न्हाई," असा दम देऊन.

पांढरा कमोड कडब्याच्या खोलीत गेला. वर पोतं टाकलं.

शनिवारी केवळाबाईंनी फोन लावला. "बसला रे! झकास बसला."

तिकडून तो काही म्हणाला.

"फोटो कसा टाकू? माझा बटनाचा फोन हाय... मिस्त्रीला कुठनं येतंय? ... गुरुपादप्पा गेला की... अरं तिथं उजेड न्हाई, कशाचा फोटो निघतोय!"

त्या रात्री त्यांच्या घरातून भाकरी भाजल्याचा वास आला. सगुणाला त्यांनी भिंतीवरून पिठलं दिलं.

रविवारी गाडी आली नाही. फोनही आला नाही. सोमवारी आला. "नीट चाललंय ना?" हाव. "पाणी पुरतंय ना?" हाव, टाकी भरती. झालं. रोज विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. फोन आठवड्यावर गेला, मग तो येईल तेव्हा. केवळाबाई आता पोटभर जेवत होत्या. अंगण झाडून झालं की कोपरे परत झाडत होत्या.

मग उदगीरला वर्षाराणीच्या माहेरचं लग्न निघालं. बालाजीनं कळवलं, जाताना दुपारी घरी थांबतो.

केवळाबाई भिंतीपाशी आल्या. तोंड उतरलेलं. "मिस्त्री, त्यो पांढरा करता येतंय का?"

"चिनीमातीला रंग धरत नाही, वैनी."

"चुना?"

"चुना अंगाला लागंल त्याच्या."

त्यावरही त्यांना हसू आलं नाही.

बालाजी आला. सून आली, नातू आला. मला बोलावलं, मी ओसरीवर बसलो. जेवणं झाली. बालाजी उठून मागं गेला. संडासाची कडी लागल्याचा आवाज आला. केवळाबाईंच्या हातात सुपारी होती, अडकित्ता होता, दोन्ही तसेच राहिले. नातू मोबाइलवर काही बघत होता. टाकीचं पाणी सोडल्याचा आवाज आला. कडी निघाली.

बालाजी रुमालाला हात पुसत आला.

"बघा काका, कसा मस्त बसलाय. आई, मी म्हणलं नव्हतं का? लई बघून घेतला होता."

"हाव," केवळाबाई म्हणाल्या.

वर्षाराणीही जाऊन आली. "छान स्वच्छ ठेवलाय हो आई," म्हणाली.

निघताना बालाजी पाया पडला. "आता तुझी सोय झाली. आता मला काळजी न्हाई," म्हणाला. पुण्याला चल, असं या वेळी तो म्हणाला नाही. गाडी वळून गेली.

केवळाबाई दारातच खाली बसल्या आणि हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. "गुलाबी हो, मिस्त्री! गुलाबी हाय त्यो!" मीही हसलो. सगुणा भिंतीपलीकडून काय झालं म्हणून विचारत होती.

हसू ओसरलं. त्यांनी डोळे पुसले.

"बघितलंच न्हाई त्यानं," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन ताटं घासायला बसल्या.

त्यानंतर फोन आणखी कमी झाला. मी मोजत नव्हतो. भिंतीपलीकडून आवाज यायचा बंद झाला, एवढंच.

थंडी पडायला लागली होती, आम्ही दारं-खिडक्या लावूनच बसायचो. एके सकाळी गुरुपादप्पा माझ्या दारात आला. हातात पान्ह्याची पिशवी, तोंड लाल.

"चला मिस्त्री, तुमच्या वैनीकडं. त्यांच्या पोराचा फोन आला मला. म्हणतो, तुमचं काम गळायलंय. माझं काम! गळायलंय!"

मी त्याच्याबरोबर गेलो. केवळाबाई ओसरीवर होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत. गुरुपादप्पा सरळ संडासात गेला. टाकीच्या खालून हात फिरवला. पाइपवरून बोट फिरवलं. जोडाखाली कोरडा कागद धरून बसला. मी बॅटरी धरली होती. कागदावर एक डाग आला नाही. माझ्या सिमेंटच्या कडेला ओलीची रेघही नव्हती.

तो बाहेर आला. "अव्वा, कोरडं हाय."

"आज न्हाई गळत. परवा गळत हुतं."

"परवा गळलं असतं तर कड काळी पडली असती की. कसं..."

"परवा त्याचा फोन आला," केवळाबाई म्हणाल्या. आमच्याकडं न बघता, अंगणाकडं बघत. "काल बी आला. लई येळ बोलला. किती गळतंय, कुठनं गळतंय, सगळं इचारला."

गुरुपादप्पा तिथंच थांबला. मग पायरीवर बसला. पिशवी बाजूला ठेवली, फोन काढला आणि लावला. मी त्याच्या शेजारी बसलो.

"साहेब, गुरुपादप्पा बोलायलो. हाव, आलो अव्वाकडं. गळत हुतं. वायसर खराब हुतं, बदललं." तिकडचं ऐकून म्हणाला, "हाव, माझीच चूक."

मालकाच्या मालाचा खोकाही न फोडणारा माणूस हा.

"पर साहेब, त्याचं काय हाय, हे परत गळू शकतंय. लक्ष ठेवावं लागंल. तुम्ही अव्वाला फोन करून इचारत जावा मधून मधून. त्या आपणहून सांगत न्हाईत."

तिकडून बालाजी बोलला. मी जवळ होतो, मला नीट ऐकू आलं. "असं करा ना, दर महिन्याला तुम्हीच येऊन बघत जा. मी कामात असतो. अन् लईच त्रास द्यायला लागला तर मला सांगा, दुसरा धाडतो."

फोन कट झाला. गुरुपादप्पानं तो कानालाच ठेवला. "हाव साहेब," तो म्हणाला. "हाव. हाव. बरं."

मग फोन खिशात घातला.

"काय म्हणला?" केवळाबाईंनी विचारलं.

"इचारत जातो म्हणला. रविवारच्या रविवारी."

"हाव?"

"तसंच म्हणला की."

केवळाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी बॅटरी बंद केली आणि परत चालू केली. त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून थोडं थांबल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

"चला," गुरुपादप्पा मला म्हणाला. "आलोच हाय तर नट बघून घेऊ."

नट ढिले नव्हते. त्यानं पान्हा लावून एकेक बघितला. मी उजेड धरला.